पांढऱ्या पेशींवर इन्शुलिन आणि लेप्टिनचे रिसेप्टर कशासाठी असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, मधुमेह पंधरा वर्षांचा, वजन जास्त. गेल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेला, आता पायाची जखम भरत नाही म्हणून इन्शुलिन सुरू केलं आहे. विचारणारी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही इन्शुलिन आणि लेप्टिन (चरबीतून येणारं संप्रेरक) यांचे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप पकडणारी प्रथिनं, असतात असं तिच्या वाचनात आलं. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: वडिलांचं इन्शुलिन या पेशींवरही काम करतं का, लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असूनही त्याला संसर्ग जास्त का होतात, आणि वडिलांनी चातुर्मासातले उपवास धरावेत का.

मी मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींचे आजार पाहतो. हा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाहीत. ते विचारतात, “डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?” त्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी बरोबर आहे, म्हणून नीट लिहितो.

सरळ उत्तर आधी. होय, इन्शुलिन पांढऱ्या पेशींवरही काम करतं. लेप्टिन करतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तर फारच जोरात करतं. चयापचयाची ही संप्रेरकं प्रतिकारशक्ती ‘वाढवत’ नाहीत किंवा ‘कमी’ करत नाहीत. शरीरात ऊर्जा किती शिल्लक आहे हे ती पेशींना कळवतात, आणि त्यावरून लढाई कितपत पेलवेल हे ठरतं. बहुतेक आजारांत बिघाड या निरोपात असतो: निरोप येतच नाही, किंवा इतका सतत येतो की पेशी त्याला दाद देईनाशी होते.

पेशीला असा निरोप का लागावा? कारण जंतूंशी लढणं फार खर्चिक आहे. टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. विश्रांतीतली टी पेशी लहानशी, जेमतेम खाणारी असते. तिला तिचा जंतू भेटला की दिवसभरात ती फुगते, मग विभाजन सुरू होतं, आणि जोर धरला की दिवसाला दोन-तीनदा दुप्पट होऊ शकते. प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनए, प्रथिनं, पटल, सगळं नव्याने बांधायचं. वर ताप आला तर प्रत्येक अंश सेल्सिअसमागे शरीराचा ऊर्जाखर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. आठवडाभराच्या तापानंतर माणूस खंगलेला दिसतो तो उगीच नाही. घरातल्या कणगीत धान्य किती आहे हे पाहूनच मोठं कार्य काढावं, तसं शरीरही आधी साठा पाहतं. ही साठ्याची खबर पेशीला देणारा मुख्य निरोप्या म्हणजे लेप्टिन, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते.

लेप्टिन चरबीच्या पेशी तयार करतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक शोधलं. पुढच्याच वर्षी रिसेप्टर सापडला आणि तिथे एक चकित करणारी गोष्ट दिसली. या रिसेप्टरची घडण इन्शुलिनसारख्या संप्रेरकांच्या रिसेप्टरसारखी नव्हतीच. ती होती सायटोकाइनच्या रिसेप्टरसारखी, म्हणजे पांढऱ्या पेशी एकमेकींना ज्या रेणूंनी इशारे देतात त्या घराण्यातली. इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनचा निरोप पेशीत जॅक आणि स्टॅट नावाच्या प्रथिनांमार्फत जातो, लेप्टिनचाही तिथूनच जातो. भुकेची खबर आणि संसर्गाची खबर एकाच घराण्याच्या रिसेप्टरवरून पेशीत शिरते, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण ती कळली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

प्रयोगशाळेत उंदरांच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. ओबी उंदरात लेप्टिनच तयार होत नाही. डीबी उंदरात लेप्टिन भरपूर, पण रिसेप्टर बिघडलेला. दोघेही अफाट लठ्ठ असतात. आणि दोघांचीही थायमस ग्रंथी, जिथे टी पेशी घडतात ती, आक्रसलेली असते. अंगावर चरबीचे थर असूनही त्यांच्या टी पेशी उपाशी प्राण्याच्या टी पेशींसारख्या वागतात, कारण साठा आहे ही खबर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. १९९८ मध्ये लंडनच्या एका गटाने याची उलटी बाजू दाखवली. साध्या उंदरांना ४८ तास उपाशी ठेवलं तर त्यांची टी पेशींची प्रतिक्रिया मंदावते, पण त्याच उपाशी उंदरांना लेप्टिन टोचलं तर ती टिकून राहते. पोटात अन्नाचा कण गेला नव्हता, नुसती खबर बदलली होती.

माणसात याचा पुरावा केंब्रिजहून आला. १९९७ मध्ये सदफ फारुकी आणि स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन भावंडं (एकमेकांची चुलत) शोधून काढली. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. अशा मुलांची भूक आवरत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यांना संसर्गही वारंवार होतात, हे फारसं कोणी सांगत नाही. तुर्कस्तानातल्या अशाच एका कुटुंबात लठ्ठ असलेली अनेक मुलं लहानपणीच संसर्गाने दगावली होती. केंब्रिजच्या गटाने पुढे मुलांना कृत्रिम लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि २००२ मध्ये तीन मुलांचे निकाल छापले. उपचारापूर्वी त्यांच्या रक्तात सीडी४ टी पेशी कमी होत्या, आणि ज्या होत्या त्या चेतवल्या तरी नीट वाढत नव्हत्या. लेप्टिन सुरू झाल्यावर दोन्ही गोष्टी सुधारल्या. वजन घटत होतं आणि त्याच वेळी टी पेशी सुधारत होत्या. 

आपल्या उपखंडातलं एक उदाहरण ढाक्यातलं आहे. तिथल्या मीरपूर वस्तीतल्या मुलांचा अमिबाच्या जुलाबासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. लेप्टिनच्या रिसेप्टरमध्ये एका ठिकाणी एकच अमिनो आम्ल बदललेलं असेल, तर त्या मुलांना अमिबाचा संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ चौपट निघाली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इथे रिसेप्टरचा मोठा वाटा आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर होता. म्हणजे फक्त रक्तातल्या पेशींकडे पाहून चालत नाही, जंतू जिथून आत शिरतो त्या दारावरही हेच संप्रेरक काम करतं.

आता क्षयरोग. कुपोषित माणसाला क्षय लवकर गाठतो हे आपल्याकडे आजीलाही माहीत असतं. आकड्यांत सांगायचं तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एका एककाने वाढला की क्षयाचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी घटतं. २०२३ मध्ये झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निकाल आले. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने तो चालवला. क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांपैकी एका गटाला तांदूळ, तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकं असा शिधा दिला. त्या गटात क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. हा आहाराचा प्रयोग होता, लेप्टिनचा नव्हे, त्यामुळे सगळं श्रेय एका रिसेप्टरला देणं चूक ठरेल. प्रथिनं, जस्त, लोह, थायमसची दुरुस्ती, सगळंच त्यात आलं. पण उपाशी शरीराला साठा आला आहे हे कळलं की पेशी पुन्हा लढायला तयार होतात, याचा इतका मोठा आणि इतका साधा पुरावा दुसरा नाही. हा निकाल आला त्या आठवड्यात मी भेटेल त्याला तो सांगत होतो.

मग लेप्टिनचंच औषध सगळ्यांना का देत नाहीत? मेट्रेलेप्टिन नावाचं औषध अमेरिकेत २०१४ पासून आहे, पण ते चरबीच नसण्याच्या एका दुर्मीळ आजारासाठी. त्याच्या माहितीपत्रकात लिम्फोमाचा (टी पेशींच्या घराण्यातल्या पेशींचा कर्करोग) इशारा ठळक चौकटीत दिलेला आहे. टी पेशींना ‘वाढा, वाढा’ असा निरोप गरज नसताना देत राहणं किती जोखमीचं आहे, हे त्यावरून कळतं.

इन्शुलिनकडे येऊ, कारण वडिलांचा प्रश्न तिथला आहे.

पांढऱ्या पेशींवर इन्शुलिनचे रिसेप्टर असतात हे आजचं ज्ञान नाही. १९७० च्या दशकात रुग्णाच्या यकृताचा किंवा स्नायूचा तुकडा काढून रिसेप्टर मोजणं कठीण होतं, पण हातातून रक्त काढणं सोपं. म्हणून संशोधकांनी रक्तातल्या एककेंद्रकी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक गट) वेगळ्या केल्या, त्यांच्यात किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्शुलिन मिसळलं, आणि किती चिकटलं ते मोजलं. १९७५ मध्ये जेसी रॉथ यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठ माणसांच्या या पेशींना इन्शुलिन कमी चिकटतं, आणि खाणं कमी केल्यावर ते पुन्हा वाढतं. रक्तात इन्शुलिनचा पूर असला की पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते. त्या काळी सगळ्यांना रस होता तो मधुमेहात, पांढरी पेशी हा फक्त हाताशी आलेला नमुना होता. या पेशीला स्वतःला इन्शुलिनचं काय काम, हा प्रश्न बराच काळ बाजूलाच राहिला.

काम आहे. विश्रांतीतल्या टी पेशीवर इन्शुलिनचे रिसेप्टर जवळजवळ नसतातच. पेशी चेतली की ते पृष्ठभागावर येतात. १९७८ मध्येच कोणीतरी याला ‘पेशी चेतल्याची खूण’ म्हटलं होतं. मग इन्शुलिन त्यांना जोडलं की आत एकेटी आणि एमटॉर ही प्रथिनं जागी होतात. पेशीने वाढायचं की थांबायचं, हा निर्णय एमटॉरवर येऊन ठेपतो. २०१८ मध्ये टोरंटोच्या गटाने फक्त टी पेशींमधला इन्शुलिनचा रिसेप्टर काढून टाकलेले उंदीर तयार केले. एरवी या उंदरांच्या टी पेशी ठीकठाक होत्या. पण फ्लूचा संसर्ग दिल्यावर त्या कमी वाढल्या, इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन कमी सोडलं आणि संरक्षण कच्चं पडलं. म्हणजे जंतूची ओळख पटणं हा पहिला इशारा, सोबतच्या पेशीचा होकार हा दुसरा, आणि ‘रक्तात खायला आहे, वाढा’ हे इन्शुलिन सांगतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्शुलिन लागतं, तसंच पांढऱ्या पेशीतही असेल असं विद्यार्थ्यांना वाटतं. तसं नाही. स्नायूत ग्लुट-४ नावाचा वाहक इन्शुलिनच्या सांगण्यावरून पृष्ठभागावर येतो. टी पेशीची भिस्त मुख्यतः ग्लुट-१ वर असते, आणि न्यूट्रोफिलमध्ये (जंतू गिळून मारणारी पांढरी पेशी) तर साखर इन्शुलिनविनाच शिरते. म्हणूनच रक्तातली साखर ३०० झाली की न्यूट्रोफिलच्या आतही ती वाढते, आणि तिथे वेगळंच नुकसान होतं. जंतू मारण्यासाठी न्यूट्रोफिलला ऑक्सिजनचे जहाल रेणू बनवावे लागतात, त्याला एनएडीपीएच हा रेणू लागतो. जादा साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलण्यात तोच रेणू खर्ची पडतो. पेशी जंतूपर्यंत उशिरा पोहोचते, कमी गिळते आणि गिळलेल्याला नीट मारत नाही. हे साखरेचं थेट नुकसान झालं, याचा रिसेप्टरशी संबंध नाही.

तेव्हा वडिलांना दिलेलं इन्शुलिन दोन वाटांनी काम करतं. साखर उतरवून न्यूट्रोफिलला मोकळं करतं, आणि चेतलेल्या टी पेशीला वाढीचा निरोप देतं. प्रत्यक्ष रुग्णात या दोन वाटा वेगळ्या काढून मोजता येत नाहीत. माझ्या मते मधुमेही माणसात पहिली वाट जास्त महत्त्वाची आहे, कारण पायाच्या जखमेवर पहिल्या काही तासांत धावून जातो तो न्यूट्रोफिल.

मग इन्शुलिन जास्त दिलं तर पेशी जास्त लढतील का? हा प्रयोग माणसांवर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात साखर ८० ते ११० ठेवल्यावर मृत्यू कमी झाले. जगभर उत्साहाची लाट आली. २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात उलटं दिसलं: साखर इतकी खाली ठेवलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के, सैल ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. साखर फार खाली जाणं स्वतःच घातक ठरलं. आज आम्ही अतिदक्षता विभागात साधारण १४० ते १८० वर समाधानी असतो.

लठ्ठपणाच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होतं. लेप्टिन सतत जास्त असलं की पेशीत एसओसीएस-३ नावाचं प्रथिन वाढतं, आणि ते लेप्टिनच्याच रिसेप्टरचा इशारा आतून दाबतं. इन्शुलिनचंही तसंच, वर सांगितलं त्याप्रमाणे रिसेप्टर घटतात. त्यात चरबीचा साठा हा नुसता साठा राहत नाही. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हा दाहक रेणू दाखवला, आणि २००३ मध्ये कळलं की तिथे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींची, गर्दी जमलेली असते. सडपातळ शरीराच्या चरबीत दहा टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या या पेशी लठ्ठपणात चाळीस टक्क्यांपर्यंत जातात. सतत दाह चालू, पण खरा जंतू आला की प्रतिसाद अपुरा. २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: लठ्ठपणात टी पेशींवर पीडी-१ हे थकव्याचं चिन्ह वाढतं, आणि त्यात लेप्टिनचाही हात आहे. फ्लूची लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांना लस घेऊनही फ्लू होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट निघालं, तेही अँटिबॉडी ठीक असताना. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची घबराट पसरली तेव्हा याची कल्पना फार कमी जणांना होती. लठ्ठपणा हा फ्लूमधला स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला तो त्याच साथीत.

‘मी तर बारीक आहे’ असं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांसाठी पुण्याचाच एक दाखला देतो. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या ग्रामीण नवजात बाळांची इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिन जास्त निघालं, आणि वजन कमी असूनही लेप्टिन कमी नव्हतं. काट्यावरचा आकडा बारीक सांगतो, तरी पेशींना मिळणारा निरोप वेगळा असू शकतो. म्हणून मी वजनाइतकाच पोटाचा घेर पाहतो.

कॉर्टिसॉलबद्दल तिने विचारलेलं नाही, पण वडिलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. आपण ज्याला ‘स्टेरॉइड’ म्हणतो त्या गोळ्या याच संप्रेरकाचा रिसेप्टर वापरतात. हा रिसेप्टर पेशीच्या आत असतो, संप्रेरक मिळालं की केंद्रकात जातो आणि जनुकं चालू-बंद करतो. यकृतात तो साखर बनवणारी जनुकं चालू करतो. पांढऱ्या पेशीत तोच रिसेप्टर दाहाची जनुकं दाबतो. रेणू एकच, रिसेप्टर एकच, म्हणून स्टेरॉइडने दाह उतरतो तेव्हा साखर चढणारच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर स्टेरॉइड सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशीचा साधा सीबीसी पाहा. पांढऱ्या पेशी १६,०००, न्यूट्रोफिल ८८ टक्के, लिम्फोसाइट (टी पेशी यांच्यातच मोडतात) ८, इओसिनोफिल शून्य, असा काहीसा रिपोर्ट येतो. नातेवाईक घाबरून फोन करतात, ‘इन्फेक्शन वाढलं का?’ दर वेळी तसं नसतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात आलेले असतात, म्हणून मोजणीत वाढलेले दिसतात, पण ऊतींत जाऊन जंतू गाठायचं त्यांचं काम मंदावलेलं असतं. लिम्फोसाइट अस्थिमज्जेत वगैरे जाऊन बसतात. हाच खेळ निरोगी शरीरात रोज सौम्यपणे चालतो: सकाळी कॉर्टिसॉल चढतं तेव्हा रक्तातले लिम्फोसाइट कमी असतात, रात्री जास्त. म्हणून एकाच रुग्णाच्या मोजण्यांची तुलना करायची तर रक्त शक्यतो एकाच वेळेला द्यावं.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ अभ्यासाने दाखवलं की कोविडमध्ये डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नव्हता. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे अनेकांनी वाचलंच नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी बसून, पहिल्या दिवसापासून, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेतली गेली. त्यातले बरेच जण मधुमेही होते, अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकही नव्हतं. मग महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या आजाराची) साथच आली, आणि मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना तो कळवण्याजोगा आजार जाहीर करायला सांगितलं. त्यामागची साखळी पाहण्यासारखी आहे. स्टेरॉइडने मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल दबले, त्याच स्टेरॉइडने साखर चढवली, वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ हे प्रथिन वाढलं, आणि ही बुरशी नेमकं तेच प्रथिन पकडून आत शिरते. रक्त आम्लधर्मी झालं असेल तर लोहही मोकळं होतं, जे तिला हवंच असतं. डोळे आणि जबडे गमावलेली ती माणसं मी पाहिली आहेत. स्टेरॉइड हे जीव वाचवणारं औषध आहे, पण ते कुणाला, कधी आणि किती दिवस द्यायचं हे नीट ठरवण्याला पर्याय नाही.

ओझेम्पिकसारख्या जीएलपी-१ (आतड्यातून येणारं एक संप्रेरक) च्या औषधांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. जीएलपी-१ चा रिसेप्टर फार थोड्या पांढऱ्या पेशींवर असतो, मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फोसाइटवर. या औषधांनी शरीरातला दाह घटतो, पण त्यातला बराच भाग वजन घटल्यामुळे, आणि उंदरांतल्या प्रयोगांवरून पाहता काही भाग मेंदूतल्या रिसेप्टरमार्फत. संसर्ग टाळायचं औषध म्हणून त्याकडे पाहू नये.

आता उपवास. उपाशी राहिलं की लेप्टिन दोन-तीन दिवसांत चरबी घटण्याच्या मानाने फार वेगाने उतरतं, कॉर्टिसॉल चढतं. उंदरांना २४ तास उपाशी ठेवल्यावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी अस्थिमज्जेत परत जातात, आणि पुन्हा खायला दिल्यावर एकदम बाहेर येतात. २०२३ च्या या अभ्यासात अशा उंदरांना नंतर सुडोमोनास जंतूचा संसर्ग जास्त जड गेला. उंदराचा एक दिवस म्हणजे माणसाची एक एकादशी नव्हे, त्यांचा चयापचय कितीतरी वेगवान असतो. निरोगी माणसाच्या एका दिवसाच्या उपवासाला माझी काहीच हरकत नाही. पण वडिलांच्या पायाला उघडी जखम आहे आणि ते इन्शुलिनवर आहेत. जखम भरायला रोज प्रथिनं लागतात. उपवासाचं ताट म्हणजे साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं, त्यात पिष्टच जास्त. म्हणजे आधी उपाशीपोटी साखर खाली जाण्याची भीती आणि मग खिचडीनंतर ती एकदम वर. जखम बंद होईपर्यंत उपवास धरू नयेत, असं मी स्पष्ट सांगतो. देवाधर्माचं मन राखायचं असेल तर दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे घेऊन आणि डॉक्टरांकडून इन्शुलिनची मात्रा ठरवून घेऊन नंतर कधीतरी करता येईल.

पायाबद्दल एक सांगायलाच हवं. न भरणाऱ्या जखमेचं खापर सगळंच पांढऱ्या पेशींवर फोडू नका. मधुमेहात जखमेतले मॅक्रोफेज साफसफाईच्या अवस्थेतून दुरुस्तीच्या अवस्थेत जायला उशीर लावतात हे खरं. पण पायापर्यंत रक्तच पोहोचत नसेल तर पेशी पोहोचणार कुठून? आणि नस बधिर असेल तर रोज त्याच जागी दाब पडून जखम रोज नव्याने होते. या दोन गोष्टी आधी तपासा.

वडील तापाने किंवा उलट्यांनी आजारी पडले तर ‘खात नाहीत म्हणून इन्शुलिन बंद’ असं परस्पर करू नका. आजारात कॉर्टिसॉल चढलेलं असतं, त्यामुळे इन्शुलिनची गरज बहुधा वाढते. साखर दर चार तासांनी तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिनसारखं औषध असेल तर आजारपणात ते थांबवायचं का, हे त्याच फोनवर विचारा, कारण त्याने साखर फार न चढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. सांधेदुखीसाठी कुणी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्या घरात असतील तर त्या आजच बाजूला काढा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं. वडिलांनी त्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील तर मात्र परस्पर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तोवर बनणं थांबलेलं असू शकतं.

आणि कुठल्याशा पॅकेजमध्ये लेप्टिनची किंवा ‘इम्युनिटी प्रोफाइल’ची तपासणी सुचवली तर ती करू नका. तिचा आकडा कितीही आला तरी वडिलांच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. ते पैसे पायाच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलर तपासणीवर खर्च करा, आणि ती या आठवड्यातच करून घ्या.